कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंशियस की कॉन्स्टन्स? सारख्या नावांच्या रोमन सम्राटांची नाणी कशी ओळखावीत?

धागाकर्ता: यॉर्ककर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राहतो. याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या एबोराकममध्ये, २५ जुलै ३०६ रोजी सम्राट कॉन्स्टंशियस पहिला मरण पावला आणि सैन्याने त्याच्या मुलाला, कॉन्स्टंटाइनला, तिथल्या तिथे सम्राट म्हणून घोषित केले. यॉर्क मिन्स्टरच्या बाहेर त्याचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे आणि कामावर जाता-येता तो मला रोज दिसतो. त्यामुळे रोमन नाणी जमवायची ठरवले, तेव्हा पहिले नाणे याच माणसाचे असावे, असे मनाने घेतले होते.

एका परवानाधारक विक्रेत्याकडून मी तांब्याच्या तीन लहान नाण्यांची पुडी घेतली. पुडीवर फक्त 'कॉन्स्टंटाइन घराणे' एवढेच लिहिलेले होते. तिन्ही नाण्यांचे वर्णन देतो.

पहिले नाणे १६ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड ग्रॅम वजनाचे आहे. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा तरुण चेहरा, डोक्यावर पानांची माळ. डाव्या बाजूची अक्षरे झिजून गेली आहेत, पण डोक्याच्या वर 'टी-आय' दिसते, मग एक खड्डा आहे, मग 'व्ही-एस' आणि त्याला लागूनच 'एन-ओ-बी-सी' अशी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. मागील बाजूला दोन सैनिक, त्यांच्यामध्ये एक ध्वजदंड, आणि खाली 'टी-आर-पी'.

दुसरे नाणे १८ मिलिमीटरचे आहे. भाला उगारलेला सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भोसकतो आहे, असे त्यावर चित्र आहे. दर्शनी बाजूला 'कॉन्स्टान्तिउस' हे नाव पूर्ण वाचता येते. डोके उघडे आहे.

तिसरे नाणे पहिल्यासारखेच, दोन सैनिक आणि एक ध्वजदंड असलेले, पण डोक्यावर मोत्यांचा पट्टा आहे. नाव 'कॉन्स्टान्तिनुस' आणि शेवटी 'ए-व्ही-जी'. मधला भाग घासला गेला आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे पहिले आणि तिसरे नाणे कॉन्स्टंटाइन पहिल्याचे आहे. हे बरोबर आहे का? चेहरे तर दोन्हीकडे सारखेच वाटतात.

प्रतिसाद: टांकसाळ

आधी चेहऱ्याविषयी, कारण नवा संग्राहक तिथेच फसतो. चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांवरील चेहरे ही त्या व्यक्तींची चित्रे आहेत, असे धरून चालू नये. ट्रियर, आर्ल, सिस्किया, थेसालोनिका, अँटिऑक अशा दूरदूरच्या टांकसाळींतल्या कारागिरांनी ठरावीक साच्यातला 'सम्राटाचा चेहरा' कोरला आणि भोवती हवे ते नाव घातले. बाप, तिन्ही मुलगे आणि पुतणेसुद्धा एकाच मुशीतून काढल्यासारखे दिसतात. म्हणून आधी अक्षरे, मग पदवी, मग डोक्यावर काय आहे ते, मग मागची बाजू, आणि चेहरा सर्वांत शेवटी, असा क्रम मी पाळतो.

आता आपले पहिले नाणे. ते कॉन्स्टंटाइन पहिल्याचे नाही, हे 'एन-ओ-बी-सी' या चार अक्षरांनी तिथेच ठरते. 'नोबिलिस्सिमुस सीझर' या पदवीचा हा संक्षेप आहे. सीझर म्हणजे कनिष्ठ सम्राट, एका अर्थी युवराज. मुख्य सम्राटाच्या नाण्यावर 'ए-व्ही-जी', म्हणजे ऑगस्टस, असे येते. (रोमन लेखात 'यू' हे अक्षर नसते, त्या जागी 'व्ही' असते, ही सवय डोळ्यांना लावून घ्यावी लागते.) कॉन्स्टंटाइन पहिला ३०६ ते ३०७ एवढाच काळ सीझर होता आणि तेव्हाची त्याची नाणी आपल्या नाण्यापेक्षा बरीच मोठी आणि जड होती. आपले नाणे मुलांपैकी कोणाचे तरी आहे.

बापामागून गादीवर आलेले मुलगे तीन: कॉन्स्टंटाइन दुसरा हा ३१७ पासून सीझर, कॉन्स्टंशियस दुसरा ३२४ पासून आणि कॉन्स्टन्स ३३३ पासून. बाप २२ मे ३३७ रोजी वारला आणि ९ सप्टेंबर ३३७ रोजी तिघेही एकदम ऑगस्टस झाले. लॅटिन लिपीत मोजले तर 'कॉन्स्टान्तिनुस' बारा अक्षरांचे, 'कॉन्स्टान्तिउस' अकरा अक्षरांचे आणि 'कॉन्स्टान्स' अवघे आठ अक्षरांचे नाव आहे. आपल्या नाण्यावर 'टी-आय' दिसते, म्हणून कॉन्स्टन्स बाद झाला. उरले दोघे, आणि त्यांच्यात फरक एका 'एन'चा आहे. तो 'एन' नेमका आपल्या नाण्यावरच्या खड्ड्यात असता किंवा नसता.

पण तो खड्डा भरून काढण्याची गरज नाही, कारण उत्तर त्याच्या पुढे आहे. कॉन्स्टंटाइन दुसऱ्याला बापापासून वेगळे दाखवण्यासाठी त्याच्या नावानंतर 'आय-व्ही-एन', म्हणजे 'युनिओर', धाकटा, असे लिहीत: 'कॉन्स्टान्तिनुस, आय-व्ही-एन, नोब सी'. कॉन्स्टंशियसच्या नावाआधी 'एफ-एल, आय-व्ही-एल', म्हणजे फ्लाविउस युलिउस, असे येई: 'एफ-एल, आय-व्ही-एल, कॉन्स्टान्तिउस, नोब सी'. दोन्ही लेख जवळपास सारख्याच लांबीचे आहेत, एक एकोणीस अक्षरांचा आणि दुसरा वीस अक्षरांचा. फरक एवढाच की 'आय-व्ही' ही जोडी पहिल्यात नावानंतर येते आणि दुसऱ्यात नावाआधी. आपण लिहिले आहे की 'व्ही-एस'ला लागूनच 'नोब सी' आहे. मध्ये 'आय-व्ही-एन'ला जागाच नाही. तेव्हा हे कॉन्स्टंशियस दुसऱ्याचे सीझर असतानाचे नाणे असले पाहिजे. डाव्या बाजूला, खांद्याजवळ, नावाआधीच्या पाच अक्षरांचा काही अवशेष मिळतो का, ते तिरप्या उजेडात पाहा.

प्रतिसाद: यॉर्ककर

फार आभारी आहे. 'आय-व्ही' नावाआधी की नावानंतर, हा प्रश्न मला सुचलाच नसता. आज संध्याकाळी टेबलावरचा दिवा बाजूला, अगदी खाली ठेवून पाहतो.

प्रतिसाद: भिंगधारी

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. मागच्या बाजूविषयी थोडे सांगतो, कारण अक्षरे गेलेल्या नाण्यांत तीच बाजू हाताशी उरते.

दोन सैनिक आणि मध्ये ध्वजदंड या प्रकाराला, त्यावरील लेखावरून, 'ग्लोरिआ एक्सेर्चितुस' म्हणजे 'सैन्याचा गौरव' असे म्हणतात. ३३० ते ३३५ या काळात ध्वजदंड दोन होते. ३३५ च्या सुमारास नाण्याचे वजन घटवले, चकती लहान झाली आणि दोनांचा एक दंड झाला. तो प्रकार ३४१ च्या आसपासपर्यंत चालला. आपल्या पहिल्या नाण्यावर एकच दंड आहे आणि पदवी सीझरची आहे, म्हणून ते ३३५ ते ३३७ एवढ्या छोट्या पट्ट्यात बसते. 'टी-आर-पी' ही ट्रियरच्या टांकसाळीतील पहिल्या विभागाची खूण आहे. तेव्हा कॉन्स्टंशियस जेमतेम अठरा ते वीस वर्षांचा होता, म्हणून चेहरा तरुण आहे. पण त्याच्या भावांचे चेहरेही तितकेच तरुण कोरले आहेत, हे टांकसाळ यांनी सांगितलेच आहे.

डोक्यावरची माळ आणि पट्टा यांतला फरकही उपयोगी पडतो. कॉन्स्टंटाइन पहिल्याने ३२४ नंतर नाण्यांवर पट्टा, म्हणजे डायडेम, धारण केलेला दिसतो. त्याचे मुलगे सीझर असेपर्यंत बहुधा पानांच्या माळेत दिसतात. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एकट्या माळेवरून निर्णय करू नये, पण पदवी आणि माळ यांचे एकमेकांशी जुळत असेल, तर मनाला खात्री वाटते.

काही प्रकारांत मागची बाजूच मालकाचे नाव सांगते. ३२४ ते ३३० च्या दरम्यान वेशीसारख्या बुरुजाचे चित्र असलेली नाणी निघाली. ऑगस्टसच्या नाण्यावर 'प्रोविदेन्तिए ए-व्ही-जी-जी' आणि मुलांच्या नाण्यांवर 'प्रोविदेन्तिए सी-ए-ई-एस-एस', म्हणजे सीझरांचा, असा लेख असतो (शेवटचे अक्षर दोनदा येते ते अनेकवचन दाखवण्यासाठी). दर्शनी बाजूचा शेवट अजिबात वाचता येत नसला, तरी मागे 'सी-ए-ई-एस-एस' दिसले की नाणे बापाचे नाही. तसेच, समोरासमोर उभ्या दोन पंखधारी विजयदेवता आणि 'दोन्ही ऑगस्टसांचे विजय' या अर्थाचा लेख असेल, तर ते ३४० नंतरचे नाणे आहे. त्या वर्षी कॉन्स्टंटाइन दुसरा धाकट्या भावाच्या मुलखावर चालून गेला आणि अक्विलेइयाजवळ मारला गेला. म्हणून अशा नाण्यावर कॉन्स्टंशियस किंवा कॉन्स्टन्स यांपैकीच एक असतो.

आता दुसरे नाणे. घोडेस्वाराला भोसकण्याचा हा प्रकार ३४८ नंतरचा, 'फेल तेम्प रेपारातिओ' म्हणजे 'सुखाचे दिवस परतले' या मालिकेतला आहे. नाव 'कॉन्स्टान्तिउस' असल्याने कोणीही कॉन्स्टंशियस दुसरा असेच म्हणेल, आणि पुष्कळ पुड्यांवर तसेच लिहिलेले असते. पण आपण लिहिले आहे की डोके उघडे आहे. हा एक शब्द फार मोलाचा आहे. या मालिकेत कॉन्स्टंशियस दुसरा मोत्यांचा पट्टा घालतो. उघड्या डोक्याचा कॉन्स्टंशियस म्हणजे कॉन्स्टंशियस गॅलस, त्याचा चुलत भाऊ आणि पुढे सम्राट झालेल्या ज्युलियनचा सावत्र भाऊ. त्याचे मूळ नाव गॅलस. ३५१ मध्ये सीझर करताना सम्राटाने त्याला आपलेच नाव दिले आणि ३५४ मध्ये त्याला ठारही केले. नाण्यावर 'गॅलस' हा शब्द कुठेच येत नाही. आपण शेवटची अक्षरे पाहावीत: 'नोब सी-ए-ई-एस' असल्यास गॅलस नक्की, 'पी-एफ, ए-व्ही-जी' असल्यास मी चुकलो.

प्रतिसाद: कोरीव

दोन सापळे माझ्याकडून जोडतो, कारण या दोन्हींत मी स्वतः अडकलो होतो.

पहिला: शिरस्त्राण घातलेली मूर्ती आणि 'कॉन्स्टान्ति...' अशी सुरुवात दिसली, म्हणून मी एक नाणे कॉन्स्टंटाइनच्या खणात ठेवले होते. प्रत्यक्षात लेख 'कॉन्स्टान्तिनोपोलिस' असा होता. ३३० मध्ये नव्या राजधानीच्या प्रतिष्ठापनेनंतर नगरदेवतेच्या रूपातली ही नाणी मोठ्या संख्येने निघाली. मागे नावेच्या टोकावर पाय ठेवलेली विजयदेवता असते. त्यांच्या जोडीला 'उर्ब्स रोमा' लेखाची, लांडगी आणि जुळी मुले असलेली नाणी आहेत. या दोन्हींवर सम्राट नाहीच.

दुसरा: टांकसाळीच्या खुणेतही हेच नाव आहे. 'सी-ओ-एन-एस' आणि पुढे विभागाचे अक्षर असेल, तर ती कॉन्स्टँटिनोपलची खूण आहे. पण 'पी-सी-ओ-एन-एस-टी' किंवा 'एस-सी-ओ-एन-एस-टी' असेल, तर ती आजच्या फ्रान्समधल्या आर्लची आहे, कारण त्या शहराचे नावच काही काळ कॉन्स्टान्तिना असे ठेवले होते.

प्रतिसाद: दक्षिणवाट

मी कोइमतूरला असतो. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुरैच्या परिसरात चौथ्या-पाचव्या शतकांतली अशी तांब्याची रोमन नाणी सापडली आहेत, श्रीलंकेतही सापडतात. नदीच्या वाळूने त्यांच्यावरची अक्षरे जवळजवळ पुसून टाकली आहेत. संग्रहालयात अशी नाणी पाहताना मला नेहमी प्रश्न पडे की ती कोणाची, हे लोक ठरवतात तरी कसे. भिंगधारी यांचा प्रतिसाद वाचून मागच्या बाजूचे महत्त्व कळले.

एक विनंती मात्र करतो. हा धागा वाचून भारतात कोणाला जमिनीत असे काही मिळाले, तर ते खिशात घालू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशी वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. कायद्याइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की नाणे कुठे आणि कशासोबत सापडले, ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही.

प्रतिसाद: टांकसाळ

दक्षिणवाट यांच्या विनंतीला माझे अनुमोदन आहे. इंग्लंडमध्येही सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना १९९७ पासून चालू आहे आणि तिच्या नोंदींत कॉन्स्टंटाइन घराण्याची नाणी भरपूर आहेत.

याच नावात न अडकता दुसऱ्या एका नावाकडे वळतो, कारण तिथे गोंधळ याहून जुना आहे. 'अंतोनिनुस' हे नाव अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॅराकला आणि एलागाबालस या चौघांच्याही नाण्यांवर येते. 'कॅराकला' आणि 'एलागाबालस' ही लोकांनी दिलेली टोपणनावे आहेत, राजा म्हणून ती त्यांच्या नाण्यांवर कधीच नसतात. इथे शब्दांचा क्रम पाहावा लागतो. 'अंतोनिनुस ए-व्ही-जी पी-आय-व्ही-एस', म्हणजे पदवी आधी आणि 'पिउस' नंतर, असा लेख असला तर तो दुसऱ्या शतकातला अँटोनायनस पायस. 'अंतोनिनुस पी-आय-व्ही-एस ए-व्ही-जी', म्हणजे 'पिउस' आधी, असा असला तर बहुधा कॅराकला, आणि शेवटी 'बी-आर-आय-टी' किंवा 'जी-ई-आर-एम' असले तर नक्कीच कॅराकला. त्याच लेखाच्या सुरुवातीला 'आय-एम-पी' आले, तर एलागाबालसकडे वळावे. कॅराकलाच्या अगदी सुरुवातीच्या, बालवयातल्या नाण्यांवर 'आय-एम-पी' असते, पण तिथे चेहरा लहान मुलाचा असतो.

एलागाबालसच्या चांदीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला मोकळ्या जागेत अनेकदा एक तारा असतो. तो सीरियातल्या एमेसा शहराच्या सूर्यदेवतेचा पुजारी होता, आणि शेवटच्या काळातल्या काही नाण्यांवर त्याच्या कपाळावर शिंगासारखे काहीतरी उभे दिसते. त्याने हे नाव घेतले, कारण तो कॅराकलाचा मुलगा असल्याचे सैन्याला सांगण्यात आले होते. म्हणजे ही नावे अपघाताने सारखी झालेली नाहीत. आधीच्या राजाचे नाव धारण करणे हाच गादीवरचा दावा होता. आपल्याकडे सातवाहनांत 'सातकर्णी' नाव पुन्हा पुन्हा येते आणि गौतमीपुत्र की वासिष्ठीपुत्र हे आईच्या नावावरून ठरवावे लागते, तसेच काहीसे इथे 'युनिओर' आणि 'युलिउस' यांवरून ठरवावे लागते.

प्रतिसाद: भिंगधारी

'मॅक्सिमिआनुस' आणि 'मॅक्सिमिनुस' हेही लक्षात ठेवावे. फरक एका 'ए'चा आहे. पहिले नाव डायोक्लेशनचा सहकारी मॅक्सिमियन आणि त्याच्या नंतरचा गॅलेरियस या दोघांचे. गॅलेरियसच्या नावाआधी 'जी-ए-एल, व्ही-ए-एल' असते. दुसरे नाव मॅक्सिमिनस दायाचे, आणि दुर्दैवाने त्याच्याही नावाआधी 'जी-ए-एल, व्ही-ए-एल' असू शकते, म्हणून तिथे 'ए' शोधल्यावाचून गत्यंतर नाही. त्याच नावाचा मॅक्सिमिनस थ्रॅक्स मात्र २३५ ते २३८ मधला. त्याचे चांदीचे नाणे आणि पुढे आलेली मोठी हनुवटी पाहिली की शंका राहत नाही.

प्रतिसाद: कोरीव

यॉर्ककर, अक्षरे नीट दिसावीत म्हणून नाणी घासू नका. मी एकदा घरातली तांब्याची भांडी घासावीत तसे एक नाणे चिंचेत ठेवले होते. तासाभराने हिरवा थर गेला, त्याबरोबर अक्षरेही गेली, कारण इतक्या जुन्या नाण्यात अक्षरांचा उठाव पुष्कळदा त्या थरातच उरलेला असतो. खाली गुलाबी, सच्छिद्र तांबे राहिले. ते नाणे कोणाचे होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजवावे, पाणी बदलत राहावे आणि बांबूच्या बारीक काडीने भिंगाखाली माती काढावी, इतकेच करावे.

प्रतिसाद: यॉर्ककर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी यातच गेल्या. नाण्यांना पाण्याखेरीज काहीही लावलेले नाही.

पहिले नाणे: दिवा टेबलाच्या पातळीवर आणून नाणे हळूहळू फिरवले, तेव्हा डाव्या खांद्याजवळ एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी उजवीकडे जाणारी आखूड आडवी रेघ सावलीत उमटली. तो 'एल' आहे. त्याच्या आधी 'व्ही'ची एक तिरपी बाजू आहे, आणि त्याच्यानंतर 'सी-ओ'ची वळणे अंधूक दिसतात. म्हणजे 'आय-व्ही-एल' नावाआधी आहे. खड्ड्याचीही रुंदी मोजली: शेजारच्या अक्षरांच्या मानाने तिथे 'एन' मावलाच नसता. नाणे कॉन्स्टंशियस दुसऱ्याचे आहे.

दुसरे नाणे: शेवटी 'सी-ए-ई-एस' आहे, आणि डोक्यामागे पट्ट्याच्या गाठीची टोके लोंबताना दिसत नाहीत. भिंगधारी, आपण चुकलेला नाहीत. हे नाणे गॅलसचे आहे.

तिसऱ्याचे काय करावे, हे मात्र कळत नाही. 'व्ही-एस' आणि 'ए-व्ही-जी' यांच्यामध्ये दोन-तीन अक्षरांची जागा आहे, पण ती पूर्ण सपाट झाली आहे. टांकसाळीची खूणही गेली आहे.

प्रतिसाद: टांकसाळ

पहिल्या दोन नाण्यांबद्दल अभिनंदन. तिसऱ्याबाबत सांगायचे तर, त्या जागेत 'एम-ए-एक्स', म्हणजे 'मॅक्सिमुस', असेल तर ते ३३५ ते ३३७ मधले, बापाचे नाणे आहे. तिथे काहीच नसेल आणि लेख नुसता 'कॉन्स्टान्तिनुस ए-व्ही-जी' असेल, तर तो बापाच्या मृत्यूनंतर ऑगस्टस झालेला कॉन्स्टंटाइन दुसरा असण्याची शक्यता अधिक. ३३७ नंतर 'युनिओर' लिहिण्याचे कारणच उरले नव्हते, म्हणून बाप-लेकांची नाणी वेगळी करताना हीच तीन वर्षे सर्वांत अवघड जातात. दोन-तीन अक्षरांची जागा आहे हे 'मॅक्सिमुस'च्या बाजूने जाते, पण मुळात काही अक्षरसंच मोकळे कोरलेले असत. या नाण्यावर मी कोणाचेही एक नाव लिहिणार नाही.

प्रतिसाद: यॉर्ककर

पटले. तिन्हींसाठी आम्लविरहित कागदाची पाकिटे केली आणि पेन्सिलीने लिहिले. पहिल्यावर: कॉन्स्टंशियस दुसरा, सीझर, ट्रियर, ३३५ ते ३३७. दुसऱ्यावर: कॉन्स्टंशियस गॅलस, सीझर, ३५१ ते ३५४. तिसऱ्यावर: कॉन्स्टंटाइन पहिला किंवा दुसरा, ३३५ ते ३४०, मधली अक्षरे वाचता येत नाहीत.

यॉर्कमध्ये घोषित झालेल्या सम्राटाचे खात्रीचे नाणे अजून मिळालेले नाही. लंडनच्या टांकसाळीची, खाली 'पी-एल-एन' असलेली आणि मागे सूर्यदेव उभा असलेली त्याची नाणी इथे मिळतात, असे कळले आहे. ती टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे ३३७ नंतरच्या मुलाशी त्या नाण्यांची गल्लत होणार नाही. सीझर असलेल्या मुलाशी होऊ शकते, तेव्हा 'आय-व्ही-एन' आधी पाहीन. मिळाले की छायाचित्रासह इथेच लिहितो.